घरचं पहिलं अर्काचं भांडं आणि आंबवायच्या बरण्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रोडला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका तरुणाला घरी ऊर्ध्वपातनाचं पहिलं भांडं बांधायचं आहे, आणि यंदा जांभळं आंबवायला घालायची आहेत. भांडी कसली घ्यायची, पुण्यात कुठे मिळतील, दोन्ही कामांना एकच भांडं चालेल का, आणि हे सगळं बाल्कनीत जमेल का, असं त्यांनी विचारलंय. जांभळाचं पुढे काय करणार हे मात्र लिहिलेलं नाही, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते.

दारू गाळायची असेल तर माझ्याकडून उत्तर मिळणार नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात विनापरवाना दारू गाळणं गुन्हा आहेच, शिवाय त्या हेतूने भांडी आणि साहित्य जवळ बाळगणंही कलम ६५ मध्ये येतं. ‘घरच्यापुरतीच काढतो’ म्हटल्याने सुटका होत नाही. तेव्हा मी असं धरून चालते, की भांडं अर्कासाठी आहे, म्हणजे गुलाबपाणी, ओव्याचा अर्क, गवती चहाचं तेल वगैरे. आणि जांभळं सिरक्यासाठी, म्हणजे व्हिनेगरसाठी, आहेत. या दोन कामांची गाठ पडू द्यायची नाही. फळ आंबताना मधे मद्यार्काचा टप्पा येतो. तो जागच्या जागी आंबट होऊ द्यायचा, अर्काच्या भांड्यात कधी ओतायचा नाही. कायदा सोडला तरी मद्यार्काची वाफ ज्योतीजवळ भडकते, आणि आपल्या ओट्यावर ज्योत हातभर अंतरावर असते.

एकच भांडं दोन्हीला चालेल का? नाही. आंबवायच्या भांड्याला महिनोन्‌महिने आम्ल सहन करायचं असतं आणि उष्णतेशी त्याचा काही संबंध नसतो. अर्काच्या भांड्याचं बरोबर उलटं: तासा-दीड तासाचं काम, पण सगळं उकळत्या पाण्यात आणि वाफेत. तांब्याचं भांडं वाफेसाठी उत्तम, पण त्यात सिरका ठेवलात तर पितळेच्या पातेल्यातलं ताक कळकतं तसा तो कळकेल. प्लास्टिकचा डबा आम्लाला चांगला, पण तो आचेजवळ नेण्याचा प्रश्नच नाही. चांगल्या प्रतीचं स्टील दोन्हीकडे थोडंफार चालतं, म्हणून लोकांना मोह होतो. पण सिरक्याच्या वासाच्या कॅनमधून काढलेलं गुलाबपाणी तुम्हाला नको असेल, आणि गवती चहाच्या वासाचा सिरका तर मुळीच नको असेल. बजेट कमी असेल तर अर्काचं भांडं साधं ठेवा आणि बरण्या वेगळ्या घ्या.

आता अर्काचं भांडं. पहिल्या भांड्यासाठी काहीही विकत घेऊ नका, असं मी सगळ्यांना सांगते आणि बहुतेक जण ते ऐकत नाहीत. जाड बुडाचं स्टीलचं मोठं पातेलं घ्या. मधोमध एक स्टीलची रिंग किंवा उलटी वाटी ठेवा आणि तिच्यावर एक सुलटा वाडगा. रिंगेच्या भोवती पाणी आणि फुलं. वरून घुमटासारखं झाकण उलटं, म्हणजे मूठ आत आणि वाडग्याच्या बरोबर वर येईल असं, आणि झाकणाच्या खोलगट भागात बर्फ. वाफ थंड झाकणाला लागून मुठीवरून वाडग्यात ठिबकते. पातेल्याच्या काठावरून वाफ निसटते ती भिजवलेल्या कणकेने लिंपायची. कणीक ही नुसती स्वस्तातली युक्ती नव्हे. आत दाब वाढलाच तर आधी कणीक सुटते आणि पुढचा अनर्थ टळतो. आपल्या रसशास्त्रातल्या यंत्रांचे सांधे मातीकापडाने लिंपायचे, अत्तरांच्या कन्नौजमध्ये आजही डेग (फुलं उकळायचा हंडा) आणि भपका (वाफ गोळा करायचं भांडं) जोडताना माती आणि कापूस वापरतात. या पातेल्यातून वाटी-दोन वाट्या गुलाबपाणी निघतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या धारेचा वास आणि शेवटच्या धारेचा वास यातला फरक नाकाला कळतो. तो कळल्याशिवाय पुढचं भांडं बांधू नये.

प्रेशर कुकरची शिट्टी काढून तिथे नळी लावायचे प्रकार सगळीकडे दिसतात. मला ते आवडत नाहीत. शिट्टीखालचं भोक फार बारीक असतं. उकळीबरोबर एखादी पाकळी किंवा पातं वर आलं की ते बंद होतं, आणि मग तुमच्या ओट्यावर नुसता कुकर राहतो, तोही तोंड बांधलेला. करायचंच असेल तर फुलं मलमलच्या पुरचुंडीत बांधा, कुकर निम्म्याच्या वर भरू नका, सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावू नका आणि नळीवर चिमटा, नळ, काही म्हणजे काही बसवू नका. आणि एक बारीकशी गोष्ट: रोजच्या वरणाच्या कुकरच्या गॅस्केटमध्ये हिंग मुरलेला असतो. तो गुलाबपाण्यात उतरतो.

खरं काम सुरू होतं ते दुधाच्या कॅनपासून. दहा लिटरचा स्टीलचा कॅन, झाकण घट्ट बसणारं. विकत घेताना ३०४ ग्रेडचा आहे का ते विचारा, कारण स्वस्तातले बरेचसे हलक्या प्रतीचे, २०२ ग्रेडचे असतात. चुंबक लावून हा फरक कळत नाही, दोन्हींना ते धड चिकटत नाही. दुकानदाराने हौसेने चुंबक लावून दाखवलं तर हसून पुढच्या दुकानात जा. ३०४ ची खात्री ग्रेडचा ठसा, बिल किंवा वर्कशॉपवाल्याकडचे टेस्टचे थेंब यांनीच होते. कॅनच्या झाकणाला मधोमध भोक पाडून एक इंची स्टीलचा सॉकेट बसवून घ्यायचा, आणि तो आर्गॉन वेल्डिंगने. धायरी-नऱ्ह्याकडे तुमच्या घरापासून जवळच असं काम करणारी वर्कशॉप आहेत. तिथे ‘आर्गॉन मारून द्या, आतून टाका घासून साफ’ एवढं सांगितलं की पुरतं. आतला टाका खडबडीत राहिला तर तिथे काळं धरतं.

सॉकेटमधून एक इंची नळी साधारण दीड वीत सरळ वर जाऊ द्या, मग वळवा. ही मान रुंद असायला हवी, कारण उकळी वर आलीच तर फेसाला जागा लागते. मानेपुढे बारीक नळीचं वेटोळं. ते थंड पाण्याच्या बादलीत बुडालेलं असतं आणि त्यातच वाफेचा अर्क होतो. त्यासाठी फ्रिज-एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात मऊ तांब्याची नळी मिळते. चार सुती (अर्धा इंची) मागा, तीन सुतीही चालते. लांबी तीन मीटर. घरच्या शेगडीच्या मंद आचेवर जेवढी वाफ निघते तेवढीला इतकी नळी पुरते, दहा मीटर घेऊन पैसे घालवू नका. नळी वळवताना चेपते. म्हणून आत बारीक कोरडं मीठ ठासून भरायचं, दोन्ही टोकं बंद करायची आणि चार इंची पीव्हीसी पाइपभोवती सावकाश गुंडाळायची. नंतर पाण्याने मीठ धुऊन निघतं. वाळू घातली तर एखादा खडा आत राहायची भीती असते. वेटोळं उभं ठेवल्यावर वरपासून खालपर्यंत उतारच हवा. मधे कुठे नळी वर चढली तर तिथे पाणी साचतं, वाफ त्याला ढकलते, आणि अर्क धारेने न येता गचके देत येतो.

सांध्यांबद्दल मी कडक आहे. रेडिओ दुरुस्तीचं नेहमीचं ६०-४० सोल्डर म्हणजे ४० टक्के शिसं. पोटात किंवा तोंडावर जाणाऱ्या कशालाही ते लागता कामा नये. शिसंविरहित कथलाचं सोल्डर किंवा कॅडमियम नसलेलं चांदीचं ब्रेझिंग मागा. जो ‘काही होत नाही हो’ म्हणेल त्याच्याकडून काम करून घेऊ नका. जुन्या पितळी जोडण्यांमध्येही शिसं असू शकतं, म्हणून जुन्या बाजारातला सुंदर पितळी नळ मला कितीही आवडला तरी मी तो अर्काच्या वाटेत बसवत नाही. लवचिक तुकडा लागलाच तर फूड ग्रेड सिलिकॉन नळी घ्या. साधं रबर आणि पारदर्शक पीव्हीसी नळी नको: सुगंधी तेलं रबर फुगवतात आणि पीव्हीसीचा वास अर्कात येतो. आट्यांना टेफ्लॉन टेप चालते.

दोन नियम भिंतीवर लिहून ठेवा. भांड्यापासून बाटलीपर्यंतची वाट कुठेही बंद होता कामा नये, मधे एकही नळ नको. आणि नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडता कामा नये. गॅस बंद केला की कॅन थंड होतो, आत पोकळी तयार होते आणि टोक बुडालेलं असेल तर गोळा केलेला सगळा अर्क उलट कॅनमध्ये ओढला जातो.

तांब्याचं भांडं कधी? कॅनवर हात बसला आणि गुलाबाचंच काम करायचं ठरलं, की. तांबं वाफेतली गंधकाची दुर्गंधी धरून ठेवतं, त्यामुळे शिजल्यासारखा वास कमी येतो. आपल्याकडे कसब्यात तांबट आळी आहे, पेशवाईपासून तिथे तांबं घडवलं जातंय, आणि मठारलेल्या भांड्यावरच्या त्या ठोक्यांच्या चमकेसाठी माणसं परगावाहून येतात. ज्यांनी बंब घडवलेत त्यांना झाकणाची मान आणि सांधा समजावून सांगायला वेळ लागत नाही. तोंडी सांगू नका, कागदावर मापं घालून चित्र काढून न्या. भांड्यात पाण्याबरोबर फुलं उकळणार असाल तर आतून कल्हई करून घ्या आणि भांडं कधीही कोरडं तापू देऊ नका, कथील २३२ अंशांना वितळतं. इंडक्शन शेगडीवर तांबं तापत नाही, हे पैसे देण्याआधी आठवा. ३०४ च्या कॅनलाही चुंबकीय बूड नसेल तर इंडक्शन कुरकुर करतं. अ‍ॅल्युमिनियम अर्कासाठीही नको आणि सिरक्यासाठीही नको.

आता थंड पाणी, कारण माणसं शेगडीचा विचार करतात आणि बादलीचा करत नाहीत. एक लिटर अर्क गोळा करायचा म्हणजे तेवढ्या वाफेची उष्णता कुठेतरी जायला हवी. साधा हिशोब आहे: साधारण वीस लिटर पाणी तीस अंशांनी तापतं. म्हणजे लिटरमागे एक मोठी बादली. नळ सोडून देऊ नका, पुण्यात उन्हाळ्यात ते बघवतही नाही. कूलरचा छोटा पंप घेऊन दोन बादल्यांमध्ये पाणी फिरवा आणि नंतर त्या पाण्याने अंघोळ करा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी आधीच इतकं तापलेलं असतं की ते कुचकामी ठरतं. म्हणून पहाटे काम करा, नाहीतर बर्फ घाला. नळीच्या टोकातून वाफ दिसली किंवा अर्क हाताला कोमटापेक्षा जास्त गरम लागला, तर आच कमी करा. गॅसचा खर्च विचाराल तर एक लिटर अर्काला अंदाजे १०० ग्रॅम एलपीजी जातो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मामीटर शंभर दाखवत नाही म्हणून घाबरू नका.

भांडं बांधून झालं की आधी सोडा आणि गरम पाण्याने नळी धुवा, एसीच्या नळीत कधीकधी तेल असतं. मग निम्मं पाणी आणि थोडा साधा व्हिनेगर घालून एकदा चालवा, आणि नंतर नुसतं पाणी. हे दोन्ही पाणी फेकायचं. या वेळी सांध्यांजवळ थंड काचेचा तुकडा धरा. धुकं आलं तिथे गळती आहे. बोट धरून बघू नका, वाफेचं भाजणं वाईट असतं.

पहिला माल कोणता? सगळ्यांना गुलाब हवा असतो. माझं मत: ओवा घ्या. कुठल्याही वाण्याकडे मिळतो, वर्षभर सारखा असतो, आणि त्यात तेल दोन ते चार टक्के असतं, त्यामुळे पहिल्याच खेपेला पाण्यावर तेलाचा थर डोळ्यांना दिसतो. पाव किलो ओवा जाडसर कुटून अडीच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर सुरू करा, दीड लिटर गोळा झालं की बंद. कॅनमध्ये पाणी उरलंच पाहिजे. बूड लागलं तर तो करपट वास नळीत बसतो आणि जाता जात नाही. हिशोबाने पाच-सहा मिली तेल यावं. त्याहून फारच कमी आलं तर दोष बहुधा भांड्यात आहे, ओव्यात नाही. ही परीक्षा गुलाबाला घेता येत नाही, कारण गुलाबात तेलच इतकं थोडं, की एक किलो तेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात. ओव्याचं तेल चमचाभर पिऊन बघायचं नाही, ते फार तिखट असतं आणि तोंड सोलून काढतं. अर्काच्या पाण्याचे मात्र आपल्या आज्या चमचे मोजत आल्या आहेत.

गुलाबासाठी मार्केट यार्डच्या फुलबाजारात पहाटे जा आणि हारासाठी सुट्टा विकला जाणारा देशी गुलाब घ्या. लांब दांड्याचा, तळेगाव-मावळच्या पॉलीहाऊसमधला गुलाब फुलदाणीसाठी असतो. त्याला वास जवळपास नसतोच, आणि त्यावर मारलेली औषधं बाटलीत उतरू शकतात. फुलं त्याच दिवशी, ऊन चढायच्या आत भांड्यात गेली पाहिजेत. पाकळ्या जाळीवर ठेवून खालून वाफ दिली तर त्यांचा लगदा होऊन वाफ एका बाजूने वाट काढते; म्हणून गुलाब पाण्यातच उकळायचा, किलोला तीन-चार लिटर पाणी, आणि लिटरभर अर्क निघाला की नाकाने ठरवायचं. भाजी शिजल्यासारखा वास यायला लागला की थांबा. तो अर्क आधीच्या बाटलीत मिसळू नका.

गवती चहा उलटा, तो जाळीवरच. मंडईत जुड्या मिळतात. बोटभर तुकडे करून सावलीत एक दिवस मरगळू द्या, भांड्यात जास्त मावतो. दोन किलोला साधारण पाच-सहा मिली तेल. ते पाण्यावर तरंगतं, बारीक मानेच्या बाटलीत साचवून सिरिंजने वरून ओढून घ्यायचं. लवंग-दालचिनीचं तेल पाण्याहून जड, ते तळाशी बसतं आणि नवखा माणूस ते ओतून देतो. वाळ्याचं तेल जवळपास पाण्याच्याच वजनाचं असल्याने धड वरही येत नाही आणि खालीही बसत नाही, शिवाय त्याला अखंड पंधरा-वीस तास वाफ लागते. घरी वाळ्याचं पाणी काढा, तेल विसरा. निशिगंधाच्या नादी मुळीच लागू नका, त्याचा वास उकळीत मरतो. सगळे अर्क उकळलेल्या, कोरड्या, गडद काचेच्या बाटल्यांत, फ्रिजमध्ये. गुलाबपाण्याला बुरशी धरते. तरंगणारा पांढरा धागा दिसला की बाटली रिकामी करा, गाळून वापरू नका.

आता आंबवायची भांडी. यात मला काच सगळ्यात आवडते: पाच लिटरची रुंद तोंडाची बरणी. आत काय चाललंय ते दिसतं, वास धरत नाही, आम्लाचं काही वाटत नाही. दोष एवढाच, की थंड बरणीत गरम रस ओतला की ती तडकते. दुसरी पसंती चिनी मातीची बरणी, लोणच्याची पांढरी-तपकिरी. घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी टिचलेली आहे. आतला चकाकता थर अखंड हवा. आजीच्या माळ्यावरच्या, आतून रंगीत नक्षी असलेल्या जुन्या बरण्यांमध्ये सिरका नको: जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि सिरका ते महिनोन्‌महिने ओढत बसतो. त्यात कोरडे जिन्नस ठेवा.

जास्त माल असेल तर फूड ग्रेड एचडीपीई प्लास्टिक, तळाला त्रिकोणात २ आकडा असलेलं. नवे डबे बोहरी आळीत मिळतात. जुना ड्रम घेणार असाल तर पहिला प्रश्न ‘केवढ्याला’ हा विचारू नका, ‘यात आधी काय होतं’ हा विचारा. लेबल खरवडलेलं असेल, विकणारा डोळे चुकवत असेल किंवा झाकण उघडल्यावर साबण, थिनर, औषध असला कुठलाही वास येत असेल, तर फुकटसुद्धा नको. प्लास्टिकमध्ये मुरलेलं धुऊन निघत नाही. आंब्याच्या पल्पचा किंवा ग्लुकोज सिरपचा ड्रम चालतो. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे बेकऱ्या आणि आइस्क्रीमवाल्यांकडे फ्रूट क्रशचे, जेलचे दहा-पंधरा लिटरचे पांढरे डबे रिकामे होत असतात. गोड बोललात तर थोडक्यात मिळतात. वीस लिटरचे पाण्याचे जार मला पसंत नाहीत. तोंड अरुंद, हात आत जात नाही, आणि ज्या भांड्यात हात जात नाही ते स्वच्छ झालं असं मी मानत नाही.

कुंभारवाड्यातला साधा माठ दिसायला छान, पण तो पाझरतो, आणि मागच्या वेळचं सगळं भिंतीत धरून ठेवतो. एकदा बिघडलं की माठ गेलाच. लोखंड, जस्ताची बादली, पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम हे सगळं सिरक्याला वर्ज्य. स्टील रस काढण्यापुरतं ठीक, महिनाभर साठवायला नको.

जांभळं पुण्यात पावसाच्या तोंडावर येतात, आणि जून-जुलैत घरातलं तापमान पंचवीस ते अठ्ठावीस असतं. सिरक्याच्या जिवाणूंना नेमकं हेच आवडतं. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात हेच काम फसतं. जांभळं हाताने कुस्करा, बिया फोडू नका. पाणी महापालिकेचं असेल तर उकळून गार केलेलं वापरा, क्लोरीनने आंबणं अडतं. भांडं पाऊण भरा. फेस वर येतो आणि जांभळाचा डाग ओट्यावरून, शर्टवरून, कशावरूनच जात नाही. पहिले काही दिवस रोज लाकडी डावाने ढवळायचं, वर आलेला चोथा खाली दाबायचा, मग गाळायचं, आणि लगेच रसाच्या पाचव्या हिश्शाइतका आधीचा जिवंत सिरका घालायचा. तयार ‘मदर’ (सिरक्याच्या जिवाणूंची साय) असलेला न गाळलेला सिरका दुकानात मिळतो, तो चालतो. पारदर्शक सिंथेटिक व्हिनेगरमध्ये जिवंत काहीच नसतं.

झाकण कधीच घट्ट नको. आंबताना वायू निघतो, बंद काच फुटते. आणि सिरक्याला तर हवाच हवी, म्हणून उंच आणि अरुंद बरणीपेक्षा बुटकी आणि रुंद बरी. तोंडाला जुन्या धोतराचं घट्ट विणीचं कापड दुहेरी बांधा. मलमलच्या भोकांतून चिलटं आरामात आत जातात. वर पातळ चकचकीत साय धरली तर उत्तम, ती फोडू नका. केसाळ, हिरवा किंवा काळा डाग दिसला तर सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

तयार झाला का, हे चवीने साधारण कळतं. पण त्यात लोणचं टिकवणार असाल तर अंदाज पुरत नाही. विक्रीच्या ब्रूड, म्हणजे आंबवून केलेल्या, व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल लागतं, आणि घरी हे मोजता येतं. दहा मिली सिरका घ्या, बरंच पाणी घालून फिकट करा आणि त्यात एक नॉर्मल (लिटरला ४० ग्रॅम) कॉस्टिक सोड्याचं द्रावण आम्ल संपेपर्यंत थेंबाथेंबाने सोडा, हातमोजे आणि चष्मा घालून. जितके मिली लागले त्याला ०.६ ने गुणलं की टक्केवारी मिळते. जांभळाची गंमत अशी, की आम्ल संपल्याचं रंगाने दाखवणारं फिनॉल्फ्थॅलिन घालायची गरज जवळपास नाही. त्याचा लाल-जांभळा रंगच आम्ल संपत आलं की निळसर-हिरव्याकडे वळतो. अचूक आकडा हवा असेल तर तपासणी प्रयोगशाळेत द्या. विकायचा विचार असेल तर सिरक्याला एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि गुलाबपाणी सौंदर्यप्रसाधन म्हणून विकाल तर त्याचा वेगळा परवाना, हे आधी.

राहिला बाल्कनीचा प्रश्न. बरण्या बाल्कनीत ठेवू नका, ऊन लागतं. स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पण लोणच्याच्या आणि दह्याच्या भांड्यांपासून लांब ठेवा. अर्काचं भांडं बाल्कनीत चालेल, पण वारा आला की ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो. त्यापेक्षा ओट्यावर, खिडकी आणि एक्झॉस्ट चालू ठेवून, शेगडी सोडून कुठेही न जाता करा. आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. तांब्याचं वेटोळं, बादल्या आणि उग्र वास पाहून सोसायटीत काय बोललं जाईल ते तुम्हीही जाणता. पहिल्या दिवशी ओव्याच्या अर्काची छोटी बाटली सेक्रेटरींच्या घरी पाठवलीत तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.